सफरचंदाची बिस्किटे आणि पाककृतीतले वजनमाप

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सफरचंदाचे सारण भरलेल्या बिस्किटांची पाककृती नुकतीच प्रसिद्ध झाली. तुर्कस्तानात ही बिस्किटे घरोघरी चहाबरोबर केली जातात आणि तिकडे त्यांना एल्माली कुराबिये म्हणतात. आपल्या वाचकांपर्यंत ती पोहोचवल्याबद्दल प्रथम आपले आभार मानते. काश्मीरचे सफरचंद बाजारात भरभरून येते तो काळ आणि आपल्या दिवाळीचा काळ जवळपास एकच असल्याने पाककृती अगदी वेळेवर आली. मात्र तिच्या निमित्ताने एक मागणी आपल्यापुढे ठेवायची आहे आणि ती या एका पदार्थापुरती नाही. भट्टीत किंवा ओव्हनमध्ये भाजून करायच्या पदार्थाची कृती छापताना प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये द्यावा, आणि शिजवणे, मळणे, भाजणे कुठे थांबवायचे याची डोळ्यांना दिसणारी किंवा हाताला कळणारी खूण द्यावी.

मी अनेक वर्षे घरगुती बेकिंगचे वर्ग घेत आहे. त्या रविवारनंतर वर्गातल्या काही जणी पुरवणीचे कात्रण आणि केलेली बिस्किटे घेऊन आल्या. वरून पाहता बिस्किटे देखणी होती. दुमडीची कड तांबूस, वर पिठीसाखर भुरभुरलेली. सुरीने मधोमध कापल्यावर मात्र सारणाखालचा थर करडट आणि चिकट दिसला. बोटाने दाबला तर दबूनच राहिला, वर आला नाही. काहींची शिवण उकलून रस ट्रेवर ओघळला होता आणि बेकिंग पेपरवर जळून त्याचा काळा पापुद्रा झाला होता. प्रत्येकीने दोष आपल्या ओव्हनला दिला होता, एकीने तर नवा ओव्हन घेण्याचा विचार बोलून दाखवला. वास्तविक ओव्हनचा काही दोष नव्हता. कृतीत ‘चार सफरचंदे किसून त्यात आवडीनुसार साखर व दालचिनी घालावी आणि हे सारण भरावे’ असे होते, आणि सगळी अडचण त्या एका वाक्यात होती.

सफरचंदात वजनाच्या सुमारे ८५ टक्के पाणी असते. सोलून, गाभा काढून अर्धा किलो फोडी घेतल्या तर त्यात सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास पाणीच असते. किसल्यावर पेशी फुटतात, साखर घातल्यावर ती उरलेले पाणीही ओढून बाहेर काढते, आणि पंधरा मिनिटांत वाटीच्या तळाशी रस साठतो. हे कच्चे सारण पारीत भरले की त्यातले पाणी आतून पिठाला लागते. सारणात पाणी आहे तोवर त्या जागेचे तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, मग ओव्हन एकशे ऐंशीवर असो की दोनशेवर. त्यामुळे बाहेरची कड भाजून तांबूस होते, आणि सारणाला टेकलेला थर भाजण्याऐवजी उकडला जातो. मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, त्याची खळ होते. उरलेल्या पाण्याची वाफ वाट शोधते आणि शिवण उकलते. अशा वेळी ‘अजून पाच मिनिटे ठेवा’ हा सल्ला निरुपयोगी ठरतो, कारण तेवढ्यात कड करपते आणि तळ कच्चाच राहतो.

यावरचा उपाय सोपा आहे. सारण आधी शिजवून आटवायचे आणि पूर्ण थंड करून मगच भरायचे. माझ्या वर्गात देत असलेले प्रमाण वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहिते. सोलून गाभा काढलेले सफरचंद ५०० ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, लिंबाचा रस दोन छोटे चमचे म्हणजे १० मिलिलिटर, दालचिनीची पूड अर्धा छोटा चमचा आणि शेवटी ४० ग्रॅम अक्रोड, जाडसर कुटून. एवढ्यात चोवीस बिस्किटांचे सारण होते. सफरचंद किसण्यापेक्षा हरभऱ्याएवढ्या बारीक फोडी कराव्यात, म्हणजे शिजल्यावरही दाताखाली फळ लागते. रिकामी कढई आधी तोलून वजन लिहून ठेवावे. त्यात सफरचंद, साखर आणि लिंबाचा रस घालून मध्यम आचेवर झाकण न ठेवता शिजवावे. सुरुवातीला रस सुटून सारे पातळ होते आणि बुडबुडे लहान, भराभर येणारे असतात. पाणी आटत गेले की बुडबुडे मोठे आणि संथ होतात, आवाज बदलतो, फोडी चकचकीत व जरा पारदर्शक दिसू लागतात. चमचा कढईच्या तळावरून ओढला असता मागे पडलेली वाट मिटली नाही, तिच्यात रस धावून आला नाही, की आच बंद करावी. या वेळी कढईसकट तोलून कढईचे वजन वजा केले तर सारण २५० ग्रॅमच्या आसपास भरेल. तीनशेच्या वर भरले तर आणखी आटवायला हवे, हे चाखूनही न कळणारे सत्य काटा सांगतो. मग दालचिनी आणि अक्रोड घालून ताटात पसरून गार करावे. गरम सारण भरले तर पारीतले लोणी तिथल्या तिथे वितळते.

येथे सफरचंदाच्या जातीबद्दल थोडे लिहिणे भाग आहे, कारण कृतीत नुसते ‘सफरचंद’ असे लिहून चालत नाही. आपल्या बाजारात सर्वाधिक दिसते ते लाल डेलिशस गटातले. अमेरिकेतून येऊन हिमाचलात कायमचे स्थायिक झालेले सॅम्युएल स्टोक्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोटगढच्या परिसरात या सफरचंदाची लागवड सुरू केली आणि त्या डोंगराळ भागाचे अर्थकारणच बदलून गेले. ही जात कच्चे खाण्यासाठी नावाजलेली आहे. गोडवा भरपूर, आंबटपणा कमी. शिजवल्यावर मात्र तिची चव सपाट होते, म्हणून लिंबाचा रस आवश्यक ठरतो. त्याच बागांमध्ये परागीभवनासाठी लावलेले पिवळे गोल्डन डेलिशस मिळाले तर सारणासाठी ते अधिक चांगले. आणि हिरवे, आंबट ग्रॅनी स्मिथ मिळाले तर लिंबू निम्मे करून साखर दहा-पंधरा ग्रॅमने वाढवावी. डाग पडलेले, लहान, वाकडे फळ सारणाला काहीच कमी पडत नाही. उत्तम चकचकीत, भारी दराचे सफरचंद शिजवण्यात घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात शीतगृहातून येणारे फळ कधीकधी भुसभुशीत निघते, त्याच्या फोडी शिजताना विरघळून गर होतो. त्यात एक मोठा चमचा कोरडा भाजलेला बारीक रवा घातला की सुटणारा रस तो शोषून घेतो. व्हिएन्नाचे आपफेलश्ट्रूडेल, म्हणजे पातळ पारीत सफरचंदाचे सारण गुंडाळून भाजलेला पदार्थ, करताना लोण्यावर परतलेला पावाचा चुरा याच कामासाठी पसरतात.

आता खुणांविषयी. आपल्या कृतीत ‘दहा मिनिटे’, ‘वीस मिनिटे’ असे आकडे होते, पण कढई पसरट की खोलगट, गॅस मोठा की लहान, फळ रसाळ की सुकलेले यावर तो काळ दुपटीनेही बदलतो. मराठी स्वयंपाकघरात खुणांची काय कमतरता आहे? पाक एकतारी झाला की दोनतारी हे आपण बोटांच्या चिमटीत पाहतो, वडीचे मिश्रण कढईच्या कडा सोडून गोळा झाले की थापतो, रवा भाजला गेला हे वासावरून ओळखतो. ज्या घरांत हे ज्ञान पिढ्यानपिढ्या आहे, त्या घरांतल्या वाचकांना परदेशी पदार्थ सांगताना मात्र आपण केवळ घड्याळाकडे बोट दाखवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘सारण वडीच्या मिश्रणापेक्षा जरा सैल, पण कढईची कड सोडणारे हवे’ एवढे लिहिले असते तर कितीतरी ट्रे वाया गेले नसते.

मापांचा घोटाळा याहून मोठा आहे. छापलेल्या कृतीत मैदा ‘कप’मध्ये, लोणी ‘वाटी’त आणि साखर ‘पेल्या’त होती. अमेरिकी पाककृतीतला कप साधारण २४० मिलिलिटरचा, बाजारात मिळणाऱ्या काही मापांच्या संचातला २५० मिलिलिटरचा, आणि तुर्की पाककृतीतला पाण्याचा पेला २०० मिलिलिटरचा. आपल्या घरातली वाटी तर शंभरापासून दोनशे मिलिलिटरपर्यंत कितीही असू शकते. त्यातही मैदा चमच्याने हलकेच भरला तर एका कपात १२० ते १२५ ग्रॅम मावतो आणि डब्यात कप खुपसून दाबून भरला तर दीडशेपर्यंत जातो. दोन कपांत पन्नास ग्रॅमचा फरक पडला तर तेवढ्या लोण्यात पीठ बांधलेच जात नाही, पारी लाटताना कडा फाटतात, मग हात आपोआप पाण्याकडे वळतो आणि बिस्कीट दगडासारखे होते. ‘३५० अंशांवर भाजा’ हे वाक्यही तसेच. ते फॅरनहाइट आहे हे न सांगितल्याने वाचक आपल्या ओटीजीच्या, म्हणजे घरगुती छोट्या ओव्हनच्या, बटणावर ३५० शोधत बसतो आणि बटण तर २३० किंवा २५० वर संपते. ३५० फॅरनहाइट म्हणजे सुमारे १७७ सेल्सिअस, व्यवहारात १८०. एकीने ओव्हन शेवटच्या टोकापर्यंत फिरवला होता, तिचे बिस्कीट बाहेरून कोळसा का झाले हे यावरून लक्षात येईल.

पारीसाठी २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम थंड बटर, ८० ग्रॅम पिठीसाखर, पाव छोटा चमचा बेकिंग पावडर आणि भिजवायला ४० ग्रॅम चक्का किंवा एका अंड्याचा बलक व लागेल तसे चमचा-दोन चमचे थंड दूध. बटर खारे असेल तर वेगळे मीठ घालू नये. करंजीची सवय असलेल्या पुष्कळ जणी बटर कडकडीत करून मोहनासारखे ओततात. येथे तसे करू नये, कारण विकतच्या बटरमध्ये सुमारे सोळा टक्के पाणी असते, ते वितळल्यावर मोकळे होऊन मैद्याला चिवटपणा आणते. थंड बटरचे तुकडे बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळून रव्यासारखे मिश्रण करावे आणि मग चक्क्याने फक्त गोळा बांधेल एवढेच एकत्र करावे, मळू नये. घरच्या लोण्यात पाणी आणखी जास्त असते. थिजलेले रवाळ तूप वापरायचे तर त्यात पाणी जवळजवळ नसल्याने १२५ ग्रॅमऐवजी साधारण १०० ग्रॅम पुरते. ‘एक वाटी लोणी किंवा तूप’ असे सरसकट लिहिले की हा फरक बुडून जातो आणि बिस्किटे ट्रेवर पसरून एकमेकांना चिकटतात. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून त्याचे वीस-वीस ग्रॅमचे भाग करावेत, प्रत्येकात बारा ग्रॅम सारण भरावे, कड दुधाच्या बोटाने चिकटवावी, आणि वाफ जायला वर काट्याने दोन-तीन भोके पाडावीत. १८० सेल्सिअसला आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये वीस ते पंचवीस मिनिटे लागतात, पण खरी खूण तळाची आहे. उलथन्याने एक बिस्कीट उचलून पाहावे. तळ सगळीकडे सारखा बदामी दिसला आणि नखाने टिचकी मारल्यावर कोरडा आवाज आला की झाले. वरचा रंग फिका असला तरी चालेल.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही, त्यांच्यासाठी जाड बुडाच्या कढईत मीठ किंवा वाळू तापवून, त्यावर जाळी ठेवून भाजण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. तिच्यात उष्णता मुख्यतः खालून येते, म्हणून भरलेली बिस्किटे उंच न करता चपटी करावीत आणि सारण थोडे अधिक आटवावे.

‘वजनाचा काटा ही साहेबी थेरं, आपण अंदाजानेच करतो’ असा आक्षेप माझ्या वर्गातही येतो. भाजी-आमटीत अंदाज चालतो, कारण शिजताना चाखून मीठ-तिखट वाढवता येते. बिस्किटाचा ट्रे एकदा आत गेला की दुरुस्तीची संधी संपते. शिवाय वजन आपल्याला परके कधीच नव्हते. पुण्या-मुंबईत दिवाळीच्या आधी घरचे रवा, मैदा, तूप आणि साखर घेऊन पेठेतल्या किंवा गल्लीतल्या बेकरीत नानकटाई भाजून आणण्याची रीत होती. बेकरीवाल्याचा हिशेब किलोचा असे, किलोभर मैद्याला इतके तूप, इतकी साखर, आणि म्हणूनच त्याच्या भट्टीतून निघालेली नानकटाई दर वर्षी तशीच खुसखुशीत येई. स्वयंपाकघरात वापरायचा डिजिटल काटा आज काही शे रुपयांत मिळतो आणि एका वाया गेलेल्या घाण्याच्या लोण्या-अक्रोडांचा खर्च मोजला तर तो महाग वाटू नये.

ग्रॅममध्ये लिहिण्याचा आणखी एक फायदा मला फार महत्त्वाचा वाटतो. कृतीच्या शीर्षकात या बिस्किटांना ‘पौष्टिक’ म्हटले होते. वरच्या प्रमाणाला चोवीसने भागले तर एका बिस्किटात सुमारे दहा ग्रॅम मैदा, पाच ग्रॅम बटर आणि जवळपास सहा ग्रॅम साखर येते, फळाची स्वतःची साखर वेगळी. हा गोड पदार्थ आहे, सणावाराला प्रेमाने करून खाण्याचा. सफरचंद आहे म्हणून तो पथ्याचा ठरत नाही. घरात मधुमेही माणूस असलेल्या वाचकाला हा भागाकार करता आला पाहिजे. दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने आणि दर शंभर ग्रॅममागे पोषणमूल्ये छापणे बंधनकारक आहे. घरी केलेले शुद्ध, बाहेरचे भेसळीचे, असे आपण म्हणतो, आणि घरच्या पदार्थाची छापील कृती मात्र त्या पुड्याएवढीही माहिती देत नाही, ही गोष्ट पुरवणीच्या संपादकांनी विचारात घ्यावी.

शेवटी दिवाळीच्या दृष्टीने एक सूचना, कारण कृतीत ‘फराळाच्या डब्यात नवा पदार्थ’ असे आवर्जून म्हटले होते. नानकटाई किंवा शंकरपाळी पंधरा दिवस टिकतात त्या त्यांत पाणी नसते म्हणून. या बिस्किटांत सारण कितीही आटवले तरी ओल राहते आणि ती हळूहळू पारीत उतरते. पहिल्या दिवशी ती खुसखुशीत असतात, दुसऱ्या दिवशी मऊ पण चविष्ट, त्यानंतर फ्रिजमध्ये ठेवूनच तीन-चार दिवसांत संपवावीत. चकली-शेवेच्या डब्यात ती ठेवली तर चकली सादळते. परदेशातल्या मुलाबाळांना कुरिअरने फराळ धाडणाऱ्यांनी त्यात ही बिस्किटे घालू नयेत, वाटेतच त्यांना बुरशी येईल. पाठवायचीच असेल तर कृती पाठवावी, तिकडे आंबट सफरचंद सहज मिळते. सारण मात्र आधी करून हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, आणि फ्रीझरमध्ये महिनाभर चांगले राहते, म्हणून पाहुणे यायच्या दिवशी फक्त पारी करून भरता येते.

ही कृती वजनासह, सेल्सिअसमध्ये आणि शिजवलेल्या सारणासह दिवाळीपूर्वीच्या एखाद्या अंकात पुन्हा छापावी, अशी विनंती आहे. वरील प्रमाण त्यासाठी जसेच्या तसे वापरण्यास माझी हरकत नाही. पुरवणीतल्या कुणी एकदा घरी करून, तोलून, पडताळून मगच छापले तर मला अधिक आनंद होईल.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक, पुणे